सकाळची पांढरी गोळी

माझ्या धाकट्या भावाला दोन गोळ्या होत्या. रात्रीची मोठी, ती डोकं शांत ठेवायची. पण तिच्यामुळे अंग आखडायचं, जीभ जड व्हायची, तोंडातून लाळ गळायची. म्हणून सकाळची छोटी पांढरी. ती पोटात गेली की तासाभरात अंग मोकळं व्हायचं आणि तो चारचौघांसारखा बोलायला लागायचा. आहे काय त्यात न समजण्यासारखं? आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे पाठ होतं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी लग्न होऊन सिंदीला आले होते, सासरचं किराणा दुकान सांभाळत होते. भाऊ आईजवळ, समुद्रपूरकडे. थोडी शेती होती आणि जाम गावच्या चौरस्त्यावर त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. एका उन्हाळ्यात त्यानं मोठी गोळी परस्पर बंद केली. दुकानात डुलक्या येतात म्हणे. पांढरी तेवढी खिशात ठेवायचा. मग त्याला पुन्हा आवाज ऐकू यायला लागले, आणि एके दिवशी एसटीचा ड्रायव्हर हॉर्नमधून आपल्याला आईवरून शिव्या देतो असं त्याला वाटलं. त्यानं दगड उचलला आणि गाडीची समोरची काच फोडली. ड्रायव्हरच्या कपाळात काच घुसली. माझा भाऊ धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. त्या ड्रायव्हरचं रक्त रक्तच होतं. पण सरकारी नोकराच्या कामात अडथळा आणि सरकारी मालमत्तेचं नुकसान अशी कलमं लागली आणि तो जेलात गेला, तिथून पुढची गोष्ट त्या दगडाची राहिली नाही.

जेल कोणत्या गावचं, कोर्ट कोणतं, दवाखाना कुठला, हे मी लिहीत नाही. एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात, आणि मला कोणालाच सोडायचं नाही.

जेलच्या डॉक्टरनं दोन्ही गोळ्या सुरू केल्या. महिन्या-दीड महिन्यात भाऊ ताळ्यावर आला. मुलाकतीला गेले तर जाळीपलीकडून नीट बोलला. "ताई, माह्यी चूक झाली. कोर्टात तेच सांगतो मी. त्या ड्रायव्हरले हात जोडतो. तू आईले सांगजो, लवकर येतो म्हणा."

मी हलकी होऊन घरी आले. पण तारखेच्या दिवशी पोलीस गाडीतून जो उतरला तो कोण होता? मान एका बाजूला वळलेली, हात थरथरत होते, हनुवटीवर लाळ. न्यायाधीशांनी नाव विचारलं. त्याच्या घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. पुन्हा विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला, डोळ्यांत पाणी. सगळं समजत होतं त्याला, फक्त जीभ हलत नव्हती. न्यायाधीश माणूस सभ्य होता. त्यानं लिहिलं, आरोपीला विचारलेलं समजत नाही, मनोरुग्णांच्या दवाखान्यात नेऊन तपासा.

आमच्या वकिलांनी बाहेर येऊन समजावलं. जोवर तो कोर्टात उत्तर देत नाही तोवर खटला जागचा हलणार नाही, आणि खटला हलत नाही तोवर तोही हलणार नाही. "चोराले शिक्षेची मुदत असते, ताई. याले ते बी नाई," ते म्हणाले.

दवाखान्यात न्यायला पोलीस लागतात. कधी गणपतीचा बंदोबस्त, कधी मंत्र्याचा दौरा, कधी निवडणूक. पोलीस मिळाले की नेलं. तिथल्या डॉक्टरनं आखडलेली मान बघितली, हे औषधामुळे झालं हे ओळखलं आणि पांढरी गोळी दिली. तासाभरानं भाऊ घडाघडा बोलला, गावाचं नाव, बापाचं नाव, गुन्हा, सगळं. डॉक्टरनं लिहून दिलं, हा खटल्याला उभा राहू शकतो. पुढच्या तारखेला कोर्टात पुन्हा तीच वळलेली मान, तीच लाळ. कोर्ट म्हणालं, दवाखान्यात न्या. दवाखाना म्हणाला, चांगला आहे, कोर्टात न्या. दिवाळी गेली, संक्रांत गेली. चेंडू तरी कधीमधी जमिनीवर टेकतो.

कोर्टातला माणूस दवाखान्यातल्या माणसाशी बोलला का? नाही. जेलवाल्यांनी दोघांपैकी कोणाला काही विचारलं का? नाही. सगळे एकमेकांना कागद पाठवत होते आणि कागद पाठवला की जेवायला जात होते.

मुलाकतीला तो नीट बोलायचा, म्हणजे गोळी रोज मिळते असंच मी धरून चालले होते. शेवटी मुलाकतीत मीच विचारलं, "अरे, इथं तर चांगला बोलतेस. कोर्टात काऊन असा होतेस?"

त्याला वाटत होतं, हे मला माहीतच आहे. "तारखेच्या दिवशी सकाळची गोळी नाई भेटत न, ताई. कंपाउंडर येते तोवर आमची गाडी निघून जाते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके महिने आमच्या घराचा जीव टांगणीला लागला, तो यासाठी? औषध वाटणारा उशिरा येतो आणि गाडी लवकर निघते? मी तशीच जेलरकडे गेले. म्हटलं, साहेब, तारखेच्या दिवशी गाडी निघण्याआधी एक गोळी द्या. ते म्हणाले, "वाटपाची वेळ ठरलेली आहे. एकाले आधी देली का सगळे मागतील." मग बरोबर पाठवा. "पोलीस घेत नाहीत." पोलिसांना विचारलं. जमादार म्हणाला, "बाई, आमी कैदी नेतो, औषध नाई. घशात अडकली तं माह्यी नोकरी जाते." मग मी आणून देते, स्ट्रिप माझ्या पिशवीतच आहे. "बाहेरचं औषध चालत नाई." घ्या. आग लावायला दहा हात आणि विझवायला एकही नाही.

आता कोर्टाच्या व्हरांड्यात एक रीत होती, सगळीकडेच असते. तारखेला आणलेल्या कैद्याला घरच्यांनी दोन घास भरवले तर पोलीस बघून न बघितल्यासारखं करतात. त्यांच्याही पोळी-भाजीची सोय केली की झालं. औषध चालत नाही, पण पोळी चालते. पुढच्या तारखेला मी गूळपोळ्या नेल्या. जमादाराला दिल्या, शिपायाला दिल्या आणि भावाला भरवताना पहिल्या घासात पांढरी गोळी दाबली. त्याला कळलं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मान वाकडी असतानाच मुकाट गिळली. चोरानं चोरी करावी तशी मी माझ्या सख्ख्या भावाला त्याचंच औषध चारलं. मला त्याची काडीचीही लाज नाही. लाज त्यांची वाटते, ज्यांनी माझ्यावर ती वेळ आणली.

दुपारी पुकारा झाला. भाऊ सरळ मानेनं उभा राहिला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. म्हणाला, "साहेब, मी बिमार होतो. त्या ड्रायव्हर भाऊले लागलं, त्याची माफी मांगतो." आता सुटला, असं वाटलं मला.

सरकारी वकील उठले. "म्हणजे इतके महिने आरोपी सोंग करत होता," असं म्हणाले, आणि बसले.

मी उठून उभी राहिले. आमचे वकील पदर ओढायचे तेवढे बाकी राहिले. म्हटलं, साहेब, सोंग नाई, याले तारखेच्या दिवशी गोळी देत नाईत, आज मी पोळीतून देली म्हणून बोलून राह्यला. जमादाराचं तोंड उतरलं. त्याचं वाईट वाटलं, पण थोडंच. न्यायाधीशांनी आधी मला दटावलं, कैद्याला असं काही चारणं गुन्हा आहे म्हणाले. मग जेलला हुकूम दिला, तारखेच्या सकाळी औषध देऊन पाठवा. एवढ्या एका वाक्यासाठी मला भर कोर्टात ओरडावं लागलं.

तरी जामीन मिळाला नाही. आमच्या वकिलांनी मागितलं, दर आठवड्याला ठाण्यात हजेरी आणि दर महिन्याला दवाखाना, या अटीवर सोडा. न्यायाधीशांनी विचारलं, याच्यावर लक्ष कोण ठेवेल? ठाण्यानं कळवलं, मनोरुग्णाची देखरेख हे पोलिसांचं काम नाही. दवाखान्यानं कळवलं, आरोपीची देखरेख हे दवाखान्याचं काम नाही. मी म्हटलं, मी ठेवते. तर म्हणे, तुम्ही सिंदीला, गुन्हा जामचा, ठाण्याच्या हद्दीबाहेर जाता येणार नाही. आई म्हातारी, तिचा कोणी विचारही केला नाही. माझा भाऊ पोलिसांसाठी वेडा होता आणि डॉक्टरांसाठी गुन्हेगार. दोघांच्या मधल्या जागेत तो आणखी एक उन्हाळा बसला.

मग वकीलच म्हणाले, गुन्हा कबूल करून टाकू. शिक्षा होईल त्याहून जास्त तो आत काढून बसला आहे. भावाला पटलं नाही. त्याला कोणीतरी ऐकायला हवं होतं की आजार होता. पण तो थकला होता, मीही थकले होते. त्यानं मोकळ्या जिभेनं, स्पष्ट आवाजात "कबूल" म्हटलं. हुकूम पाळून जेलनं त्या सकाळी गोळी दिली होती. तिचा उपयोग काय झाला, तर त्याला स्वतःच्या तोंडानं गुन्हेगार होता आलं.

शिक्षा आधीच भोगून झाली म्हणून कोर्टानं सोडायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला घ्यायला जेलवर गेले. आत शिरल्यावर टेबलामागे एक कारकून, समोर भाऊ. त्याची मान पुन्हा वळलेली. सुटणाऱ्यांना औषध वाटपाच्या आधीच बाहेर काढतात, आणि कोर्टाचा हुकूम तारखेच्या दिवसापुरता होता. कारकुनानं एक पाकीट फोडलं. अटकेच्या दिवशी अंगावर सापडलेलं सामान. घड्याळ, कंगवा, दुकानाची किल्ली. आणि पांढऱ्या गोळ्यांची स्ट्रिप. खिशातली. जशीच्या तशी.

मी विचारलं, "ह्या गोळ्या याच्याच न?"

"याच्याच. आमच्याकडून काई गहाळ होत नाई, बाई. पाहून घ्या."

"मंग याले देल्या काऊन नाई?"

तो खरंच चकित झाला. रागानं नाही, उर्मटपणानंही नाही. मी काहीतरी भलतंच विचारावं तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

"त्या जमा होत्या न, बाई."

मग त्यानं भावापुढे कागद सरकवला, सामान मिळाल्याची सही करायला. भावाचा हात थरथरत होता, पेन कागदावर टेकत नव्हतं. कारकून म्हणाला, "नीट कर. वाकडीतिकडी सही चालत नाई." मी भावाचं मनगट धरलं, आणि आम्ही दोघांनी मिळून सही केली.