ट्रॉयची गोष्ट ऐकायला कोणी नव्हतं

विमानतळावर बाबांनी माझी बॅग ट्रॉलीवर चढवली आणि म्हणाले, "ट्रॉयला निघालेले वीरसुद्धा 'लवकर येतो' म्हणूनच गेले होते. दहा वर्षं लागली." मी हसले. बाबा साताऱ्याच्या शाळेत इतिहास शिकवायचे. ग्रीकांचे देव, त्यांचे रुसवेफुगवे, एका राणीपायी पेटलेलं ते युद्ध, हे सगळं आमच्याकडे जेवणाबरोबर वाढलं जायचं.

नवऱ्यामागे टोकियोला आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. शहरातल्याच तोयोसु भागात मलाही सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम मिळालं, आमची मुलगी इरा इथेच जन्मली. ती सात वर्षांची झाली तेव्हा बाबांनी विचारलं, "दर रविवारी व्हिडिओ कॉलवर तिला युद्धाची गोष्ट सांगू का?"

तीन रविवार ती बसली. चौथ्या रविवारी "वाकान्नाई", कळत नाही, म्हणाली आणि पळाली. बाबांना ते सांगायला माझी जीभ रेटेना. मी टॅबचा कॅमेरा बंद केला. "कॅमेरा बिघडलाय बाबा, पण ती ऐकतेय," असं म्हटलं आणि कचरा वेगळा करायला बसले. पुढे ते अंगवळणीच पडलं. बाबा बोलायचे, मी कुकर लावायचे, मशीनमधले कपडे वाळत घालायचे.

एकदा कोपऱ्यावरच्या कोनबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध घेऊन आले, तर रिकाम्या खोलीत बाबांचं सांगणं चालू होतं. ज्याने आपल्या मुलाला मारलं, त्याच्याच तंबूत म्हातारा राजा एकटा गेलाय. त्याचे हात धरून मुलाचं प्रेत मागतोय. मध्येच बाबांनी विचारलं, "इरा, घाबरलीस का गं?"

मी पिशवी धरून तशीच उभी राहिले. मग दूध फ्रिजमध्ये ठेवायला गेले.

उन्हाळ्यात साताऱ्याला गेले तेव्हा सगळं कबूल केलं. बाबा शेंगा सोलत होते.

"माहीत होतं मला."

"मग बंद का नाही केलंत?"

"तुझ्या घरातले आवाज यायचे. कुकरच्या शिट्ट्या, तुझं गुणगुणणं. एरवी फोनवर तू पाच मिनिटं तरी असतेस का?"

रविवारी आता मीच समोर बसते. इरा कधी येते, कधी नाही. ऑफिसात कुणी घर कुठे म्हणून विचारलं, की मी अजूनही सातारा सांगते. इकडे आलेले तुम्हीही आपापलं गावच सांगत असाल. पण माझी जीभ आता जरा अडखळते. महिनोन्महिने दर रविवारी बाबा माझ्या इथल्या घरी येऊन बसत होते, आणि मी घरात असून त्यांना दार उघडलं नव्हतं.