राजमतीबाईचा पहिला तोडा

शेलूबाजारात किराण्याचं दुकान नथमल शेठचं, पण दरारा सगळा त्याच्या बायकोचा. राजमतीबाई! डाळीत एक खडा सापडला तरी बाई हमालापासून शेठपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायची. भाजीवाल्या तर तिच्या ओट्याशी आल्या की आधी पाटीतली किडकी वांगी तळाशी सारायच्या. तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं, अकोल्याला जाणारी मोटार दिवसातून एकदा धूळ उडवत जायची, आणि राजमतीबाईचा आवाज त्या मोटारीच्याही वर ऐकू यायचा, असं लोक म्हणायचे. बाई मनाची वाईट नव्हती हो. पण तोंड सुटलं की तिचं तिलाच आवरायचं नाही, त्याला काय करणार?

तिच्या दारी रोजची भाजी यायची ती तुळसाबाई माळणीची. नाल्याकाठी तिची वाडी होती. बोलणं मोजकं, माल चोख. दरवर्षी आश्विनात मिरची सुरू झाली की एक दिवस तिच्या पाटीत सगळ्यात वर पळसाच्या पानाचा द्रोण असायचा, आणि त्यात ओंजळभर बारीक मिरच्या. तेवढा द्रोण ती आधी ओट्यावर ठेवायची, मग भाजी मोजून द्यायची. राजमतीला वाटायचं, नेहमीचं गिऱ्हाईक म्हणून मूठभर जास्तीच्या देते बिचारी. यापलीकडे तिनं कधी विचार केला नाही.

एका वर्षी मात्र तो द्रोण आला तेव्हा ओट्यावर भंवरीबाई बसली होती. भंवरीबाई म्हणजे समोरच्या कापड दुकानदाराची बायको. राजमतीची जिवाभावाची मैत्रीण आणि तितकीच जिवाभावाची वैरीण. तिनं द्रोणात डोकावून नाक मुरडलं.

"काय वं राजमती, तुमची माळीन तुमाले असलाच माल देते? आमच्याकडं तर बोटाएवढी मिरची येते बापा."

झालं! राजमतीच्या मस्तकात तिडीक गेली. द्रोण उचलून पाहिला, तर पानाच्या कडेला कुंकवाचं बोट ओढलेलं. तिनं तो सरळ रस्त्यावर उलटा केला.

"मिरच्या हायेत की उंदराच्या लेंड्या? वरून कुंकू लावून कचरा खपवते! शरम नाई वाटत?"

रस्त्यावरचे चारजण थांबून बघायला लागले. भंवरीबाई तोंडाला पदर लावून हसली. खाली बसून तुळसाबाईनं धुळीतल्या मिरच्या एकेक वेचल्या, पदरात बांधल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. ती भाजी घेऊन गल्लीत यायची, पण राजमतीचं दार आलं की पलीकडच्या कडेनं जायची.

"बोलावून घे तिले," नथमल शेठ म्हणाला. "सात-आठ सालाची माळीन हाय."

"मी बोलावू? मिरचीसाठी? मीच लावतो मिरची. परसात विहीर हाय, जागा हाय. काय मोठी विद्या हाय त्यात?"

आणि खरंच लावली. पुढच्या जेठात दुकानातल्या पोत्यातून बोटभर लांबीच्या वाळल्या मिरच्या निवडल्या, बी काढलं आणि परसातल्या एका वाफ्यात मूठमूठ फेकलं. पाऊस पडला आणि बी असं उगवलं की वाफ्यातली माती दिसेना. शेठनं एकदा चाचरत विचारलं, "कोण्या माळ्याले दाखवू का?" तर म्हणाली, "माळ्याचं नाव काढू नका माह्या घरात!"

तेवढ्यात चातुर्मास लागला. राजमती जैन घरातली, तिचं त्या काळातलं व्रत होतं. आषाढापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत हिरवं पान, फूल, फळ आपल्या हातानं तोडायचं नाही आणि रोप उपटायचं नाही. जिवंत जीव दुखवायचा नाही. बाजारातली विकत घेतलेली भाजी चालायची, कारण ती दुसऱ्यानं तोडलेली असायची. यावर कोणी चेष्टा केली तर बाई डोळे वटारायची, म्हणून कोणी करत नसे. तिचं व्रत मात्र खरं होतं. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ती परसात खाली बघून चालायची. वाफ्यातली रोपं एकमेकांच्या अंगावर पडायला लागली, तरी तिनं एकालाही हात लावला नाही. गुडघ्याएवढी झाली नाहीत तोच त्यांना पांढरी फुलं आली. तेव्हा तर तिचा आनंद गगनात मावेना. रोज सकाळ-संध्याकाळ ती विहिरीचं पाणी शेंदून घालायची, पानांवरून नुसती नजर फिरवायची आणि मंदिरात जाऊन सांगायची.

तिथंच घोटाळा झाला. मंदिराच्या पायरीवर भंवरीबाईनं सगळ्या बायकांसमोर विचारलं, "मग कधी खाऊ घालतेस तुही मिरची?" आणि राजमती बोलून गेली, "पुनव होऊ दे. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी माह्याकडं जेवाले या. भरल्या मिरच्या करतो. एकेक मिरची अशी, की पोट चिरून सारण भरता भरता हात दुखतील!"

बायका हसल्या, हो म्हणाल्या. बोललेला शब्द काही परत घेता येत नाही.

पौर्णिमा सरली. दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच राजमतीनं बेसन भाजून ठेवलं, बडीशेप कुटली, आमचूर काढला आणि मोठी टोपली घेऊन परसात गेली. पहिल्यांदाच तिनं पानं बाजूला सारली. आत काही हिरव्या मिरच्या होत्या, काही लाल होऊन सुरकुतल्या होत्या. पण सगळ्या नखाएवढ्या! तिला वाटलं, पुढं मोठ्या असतील. दुसरं झाड, तिसरं झाड, वाफ्याचं ते टोक गाठलं. काड्यांसारखी उंच वाढलेली बारीक झाडं आणि त्यांना चिकटलेल्या नखाएवढ्या मिरच्या. टोपलीचा तळ झाकला नाही. सारण कशात भरायचं? यात तर मोहरीचा दाणासुद्धा शिरणार नव्हता.

बाजारातून मोठी मिरची आणून आपली म्हणून वाढावी, असं एकदा मनात आलं तिच्या. पण खोटं बोलायचं नाही, हेही व्रत होतंच. दुपारी सात बायका जेवायला बसल्या. राजमतीनं बेसनात परतलेल्या त्या बारीक मिरच्या ताटात वाढल्या आणि मान वर न करता म्हणाली, "एवढ्याच आल्या."

भंवरीबाईनं एक मिरची चिमटीत धरून उजेडात फिरवून पाहिली.

"अवं माय! मिरच्या हायेत की उंदराच्या लेंड्या?"

ओसरी हसण्यानं दणाणून गेली. भंवरीबाईनं हे मुद्दाम केलं की सहज, देव जाणे. पण तिला ते शब्द आठवत होते एवढं खरं. राजमतीचा चेहरा उतरला. तिला त्या हसण्याची लाज वाटली, पण त्याहून जास्त वाटली ती आपल्याच शब्दांची. ते ऐकताना कानशिलं अशी तापली की तिला कळलं, मागच्या वर्षी रस्त्यावर बसून मिरच्या वेचणाऱ्या बाईला कसं झालं असेल. तिच्या मदतीला तर कोणी वाकलंही नव्हतं. आपण ओट्यावर उभ्या होतो, आणि ती खाली.

त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी परसातल्या उरल्यासुरल्या मिरच्या तोडल्या, पळसाचं एक पान घेतलं, त्यात गुंडाळल्या आणि कोणाला न सांगता नाल्याच्या वाटेला लागली. माफी मागायला जात आहोत हे तिनं स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं. मिरची बारीक काहून आली, एवढं विचारायचं आणि यायचं, असं ती मनाशी घोकत होती.

तुळसाबाई वाफ्यात बसून खुरपत होती. शेठाणीला बघून ती उठली, पण पुढं आली नाही.

"ये म्हणत नाईस का?" राजमती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"या. बसा शेठानीबाई."

राजमती बांधावर बसली. पान उघडून दाखवलं. "मीनं लावली होती. पाह्य, कशी झाली. काहून झाली अशी?"

तुळसाबाईनं एक मिरची घेऊन बोटांत दाबली. "रोपं किती ठेवली वाफ्यात?"

"उगवली तेवढी."

"उपटून दुसरीकडं हातभर अंतरावर लावली नाई?"

"चातुर्मास होता. मी हिरव्याले हात लावत नाई."

तुळसाबाईला हसू येईल असं राजमतीला वाटलं होतं. पण ती हसली नाही. "धरमाचं खरं हाय तुमचं. पन बाई, दहा लेकरांपुढं एकच भाकर ठेवली, तर कोनाचंच पोट भरत नाई. अन् पहिली फुलं?"

"राहू देली. इतकी चांगली आली होती."

"ते खुडून टाका लागते. झाड अजून कवळं असते. त्याले आपलंच अंग भराचं असते, अन् त्याच्यातच मिरची लागली की झाडही खुरटते अन् मिरचीही. पानीही रोज रोज नाई देत मिरचीले." मग ती थोडं थांबून म्हणाली, "पन तुमी वाईट नका वाटू देऊ. किती केलं तरी पहिला तोडा, म्हंजे पहिल्यांदा तोडलेली मिरची, बारीकच असते. आमचाही असते. दुसऱ्या-तिसऱ्या तोड्याले भरते मिरची."

हे ऐकून राजमतीला जरा बरं वाटलं आणि बरं वाटलं की तिचं तोंड सुटायचंच. "मंग तू आमच्याकडं तोच बारीक तोडा काहून आणत होतीस? चांगला तोडा आला असता तर मी कायले बोलली असती?"

तुळसाबाईनं खुरपं खाली ठेवलं.

"पहिला तोडा आमी इकत नाई, बाई. कोनालेच नाई. एक द्रोन देवापुढं ठेवतो, अन् एक, ज्याच्या पान्यावर रोप जगलं त्याच्या दारी. मांगं आमच्या विहिरीनं तळ दाखवला होता. त्या साली मीनं तुमच्या परसातून घागरी भरून नेल्या, महिनाभर. तुमी म्हनल्या होत्या, ने वं, विहीर काई मी डोक्यावर घेऊन जानार नाई. आठवते?"

राजमतीला आठवत नव्हतं. असं काहीतरी ती म्हणाली असेल, जाता जाता. इकडे तिचं वाक्य तिला आठवत नव्हतं, आणि तिकडे सात वर्षं त्या वाक्यासाठी कोणी कुंकू लावून द्रोण आणत होतं. आणि आपण तो देवाच्या बरोबरीचा मान गल्लीतल्या धुळीत उलटा केला. ज्या बाईनं रोपाचं पान तोडलं नाही चार महिने, तिनं हे केलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं तिला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात उचलेना, कारण हातात ते पान होतं.

"तुळसाबाई," ती म्हणाली. आजवर ती 'माळीणबाई'च म्हणत आली होती. "मी लई वाईट बोलली. मले माफ कर. अन् हे..." तिनं पान पुढं केलं. "हाही पहिलाच तोडा हाय. त्याच विहिरीचा. तुह्यासाठी आणला."

विचारायला म्हणून आणलेल्या मिरच्या देण्याच्या कधी झाल्या, ते तिलाही कळलं नाही.

तुळसाबाईनं मातीचे हात लुगड्याला पुसले, पदर पसरला आणि दोन्ही हातांनी पान घेतलं. पानाची कड उलटून पाहिली.

"कुंकू नाई लावलं?"

राजमतीनं नाही म्हणून मान हलवली.

तुळसाबाईनं आपल्या कपाळावरच्या कुंकवाला बोट टेकवलं आणि ते पानाच्या कडेला ओढलं. मग त्यातली एक नखाएवढी मिरची उचलून तिनं तोंडात टाकली, चावली, आणि म्हणाली, "तिखट हाय."

असा मान देण्यापेक्षा हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं राजमतीला परतताना वाटेभर वाटत राहिलं.