वाट देणारा गार्ड

समोरच्या संघाच्या खेळाडूला अदबीने बास्केटपर्यंत वाट करून देणारा गार्ड जगात एकच होऊन गेला, आणि तो शहाऐंशी साली चंद्रपूरला माझ्याच खोलीवर राहत होता. धानोऱ्याच्या पुढे जंगलात त्याचं गाव. कॉलेजात येईपर्यंत त्याने बास्केटबॉल डोळ्यांनी पाहिला नव्हता. तरी खेळाच्या सरांनी त्याला गार्ड केलं. म्हणजे चेंडू पुढे न्यायचा आणि समोरच्याला अडवायचा. पहिल्या कामात चेंडू त्याने लहानपणापासून पाळलाय असं वाटे. दुसऱ्या कामाबद्दल न बोललेलं बरं. कोणी मुसंडी मारून आला, की हे महाशय दोन पावलं बाजूला!

"अरे, अडव ना त्याले! बाजूले काऊन होतं?" सर ओरडत.

"अंगावर येऊन राह्यला त वाट द्या लागते जी सर. अस्वल असो का माणूस."

सरांनी त्याच्या सुधारणेसाठी शंभर पानी वही घातली होती. तीत डाव्या हाताला चार पानं होती, कारण तो हात खेळात आहे हे त्याला आठवतच नसे. पास देताना हाक मारायची तर नावच नाही. जंगलात कोणी ओरडतं का, असं तो मलाच विचारी. चेंडू मुकाट्याने येई आणि माझ्या नाकावर बसे. मी राखीव खेळाडू. संघाच्या प्रगतीत माझा वाटा तेवढाच, नाकाचा.

संघात त्याची निवड झाली त्याच दिवशी त्याचा अंगठा मुरगळला, म्हणून घरी पोस्टकार्ड मी लिहिलं. 'तुमचा मुलगा गार्ड झाला.' मी भद्रावतीच्या कॉलनीत वाढलेला शहाणा. त्याच्या गावात गार्ड म्हणजे फॉरेस्टचा गार्ड, ज्याला पाहून कुऱ्हाडी लपतात आणि कोंबड्या कापल्या जातात, हे मला काय ठाऊक! उत्तर आलं, साऱ्या गावाला जेवण घातलं म्हणून. मी पोट धरून हसलो. तो हसला नाही. "राहू दे. बा खूश हाय," एवढंच म्हणाला.

सेमीफायनलच्या सकाळी बा स्वतःच हजर झाला, धुतलेलं धोतर नेसून. मैदानाच्या कडेला माझ्याजवळ बसला आणि हाफपँटीतल्या मुलाकडे बघत राहिला.

"याची वर्दी कुठी हाय, बाबू?"

मी घाम पुसला. मग बाने येण्याचं कारण सांगितलं. जंगलातली लाकडं सापडली म्हणून फॉरेस्टवाल्यांनी त्यांची बंडी, म्हणजे बैलगाडी, जप्त केली होती. धान शेतात कापून पडलं होतं. आता मुलगाच गार्ड, तो बंडी सोडवणार, असं त्याने गावाला सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी तो जीव तोडून खेळला. समोरचा धिप्पाड गडी तीनदा अंगावर आला आणि हा जागचा हलला नाही. सरांनी आनंदाने वही फेकून दिली. आम्ही जिंकलो. मग तो घामेजलेला बापाजवळ आला आणि खाली बसून आपण कसले गार्ड ते सगळं सांगितलं. बाने चेंडू बोटाने दाबून पाहिला.

"मंग बंडी?" त्याने विचारलं.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

संध्याकाळच्या बसने तो बापासोबत निघाला. "गावाले मीच सांगतो. बा एकटा सांगन त लोक त्यालेच हासतीन." मी दोन दिवसांनी ये म्हटलं. फायनल आठवड्यावर होती. चौथ्या दिवशी धानोऱ्याच्या बसच्या कंडक्टरने निरोप दिला: बंडी नाई, धान डोक्यावर आणून राह्यलो, सरले सांग.

तो कॉलेजात परत आलाच नाही. फायनलला सरांनी त्याच्या जागी मला उतरवलं. आम्ही सपाटून हरलो, पण ते दुःख दोन दिवसांचं. त्याच्या जागेवर मी मैदानात उभा होतो, तेव्हा तो धानाचे भारे वाहत होता. जन्मभर लोकांना त्याच्या गमती सांगून हसवलं मी. त्याला मात्र दोन ओळींचं पत्रही लिहिलं नाही. माझा हात धजलाच नाही.