टेलरमास्तर आणि दाराबाहेरचं ते

…तर मास्तर त्या सरकत्या जिन्यासमोर उभे होते, तिथपर्यंत आपण आलो होतो. एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही हात हवेत, आणि पाठीमागे तरण्याताठ्या पोरांची ही लांब रांग. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, चढताय की फोटो काढून घेताय?" मास्तर मागे वळून म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मला जरा त्याचा ठेका कळू दे." ठेका कळेपर्यंत निम्मी रांग वर गेली. शेवटी मास्तर बाजूच्या साध्या जिन्याने, कठडा धरधरून, एकदाचे प्रदर्शनाच्या मजल्यावर पोचले.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मास्तर म्हणजे टेलरमास्तर. एक शिलाई मशीन, एक कापायचं टेबल आणि या दोघांच्या मधे जो काही मास्तर मावेल तेवढा मास्तर, असं त्यांचं दुकान. हाताला सफाई अशी की त्यांनी शिवलेला कोट उलटा करून लोकांनी अस्तर मिरवावं. पण स्वभाव भित्रा. कुत्र्याला भिणारे पुष्कळ असतात, मास्तर कुत्रा बांधायच्या साखळीलाही भीत. एकदा उंच पाळण्यात बसले आणि पाळणा हलायच्या आधीच असे ओरडले की पाळणेवाल्याने हात जोडून तिकीट परत दिलं. सिनेमे त्यांनी सगळे पाहिलेत, पण मध्यंतरापर्यंत. पुढचं काय झालं ते बायको घरी येऊन सांगते.

आणि अशा माणसाची धाकटी मुलगी भुताचा व्हिडिओ गेम करते! दैव काही कमी विनोदी नाही.

तीन वर्षं तिने एका भाड्याच्या खोलीत डोळे फोडून तो खेळ केला होता. आता येत्या वर्षात बाजारात येऊ घातलेल्या खेळांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. करणारे आपापले खेळ मांडतात आणि विकणाऱ्या कंपन्यांची माणसं फिरून निवड करतात. त्यातल्या एका कंपनीच्या बाई हिचा खेळ बघायला येणार होत्या. पण बाईंचा एक नेम होता. त्या स्वतः खेळत नसत. म्हणायच्या, "ज्याने जन्मात खेळाला हात लावला नाही असा माणूस बसवा. मी पडदा बघत नाही, त्याचं तोंड बघते." आणि तो माणूस मधेच उठला, तर बाईही उठत. खेळ नापास.

आता प्रदर्शनात सगळे खेळणारेच. न खेळलेला माणूस आणायचा कुठून? धाकटीने घरी फोन केला. मास्तरांनी तो बायकोकडे दिला, कारण फोनवर "खूप महत्त्वाचं आहे" ऐकलं की ते पुढचं ऐकायचेच नाहीत. बायकोने ऐकून घेतलं आणि त्यांचे बूट त्यांच्यासमोर आणून ठेवले.

"अहो, पोरीची तीन वर्षं आहेत. आज मध्यंतरात उठून आलात तर घरात घेणार नाही."

"आणि भीती वाटली तर?"

"मग भ्या की. भ्यायला कोण नको म्हणतंय? बसून भ्या."

तर असे मास्तर वर पोचले. धाकटी न्यायला आलीच होती. हात धरून ती त्यांना दालनात घेऊन गेली आणि मास्तरांना वाटलं, आपण चालू मशीनच्या पोटात शिरलो. भिंतीएवढे पडदे, छातीत घुमणारे ढोल, धूर, लाल-निळे झोत. पहिल्याच पडद्यावर चिलखत घातलेले सैनिक एकमेकांना भाजून काढत होते आणि खाली खुर्च्यांवर पोरं हसत होती. "मेला! मेला! अजून एक मेला!" एक जण आनंदाने किंचाळला, "मी मेलो रे!" मास्तरांनी धाकटीचा दंड घट्ट धरला.

"बाबा, काही नाही. परत जिवंत होतो तो. यात तीन जीव असतात."

"आणि कितवा चाललाय ते त्याच्या आईला कळवतात का?"

पुढे समुद्राच्या तळाचा खेळ होता. कपाटाएवढा माशाचा डोळा पडद्यावर हळूच उघडला, आणि मास्तरांनी श्वास रोखला तो तीन दुकानं ओलांडेपर्यंत सोडला नाही. नंतर एका तलवारबहाद्दराचा खेळ. त्याचा झगा वाऱ्यावर असा उडत होता की बघणाऱ्यांनी टाळ्या दिल्या. मास्तर जवळ गेले, चष्मा पुसला आणि पांढरे पडले.

"अगं, याला शिवण नाही. खांद्यावर नाही, काखेत नाही, कुठेच नाही."

"चित्र आहे ते, बाबा."

"असेल. पण बिनशिवणीचं कापड माणसाच्या अंगावर दोनदाच येतं, आल्यावर आणि गेल्यावर. हा इसम तलवार घेऊन मधेच काय फिरतोय?"

धाकटीने मग त्यांना मुद्दाम एका शांत खेळाकडे नेलं. हिरवं कुरण, मेंढ्या, गोड बासरी. मास्तरांचा जीव जरा भांड्यात पडतोय तोच एक मेंढी चरायची थांबली आणि वळून थेट त्यांच्याकडे बघत राहिली.

"ही माझ्याकडे का बघतेय?"

"तुम्ही तिला चारा घालावा म्हणून."

"आणि नाही घातला तर?"

"तर मरते बिचारी."

मास्तर तिथून जे निघाले ते जवळजवळ पळतच. "भुताचं दाखव एकदाचं," म्हणाले, "तुमच्या मेंढीपेक्षा ते बरं."

धाकटीची जागा कोपऱ्यात होती. काळा पडदा लावून केलेली खोलीवजा खोपटी. मास्तरांनी शिरता शिरता सवयीने पडद्याची कड उलटून बघितली.

"ही दुमड कुणी घातली?"

"मी."

"दिसतंय."

तेवढीच दोघं हसली. मग बाई आल्या. आखूड केस, खांद्याला पिशवी, हातात कॉफीचा पेला, बोलणं मोजकं. मास्तरांना खुर्चीत बसवून त्यांनी समोर स्टूल ओढलं.

"काका, आधी कधी काही खेळलाय?"

"लहानपणी लपंडाव. माझ्यावर राज्य आलं की मी घरी जायचो."

बाई हसल्या नाहीत. धाकटीने वडिलांच्या डोळ्यांवर, आत पडदा असलेलं, एक जाड झापड चढवलं, कानांवर कप बसवले, हातात दांडी दिली. "ही पुढे ढकलली की चालता येतं, बाबा. हे बटण दाबलं की हात पुढे होतो. यात तुम्ही सात वर्षांची मुलगी आहात." मास्तरांना विचारायचं होतं, की या वयात हे काय, पण तोवर अंधार झाला होता.

अंधार डोळ्यांना सरावला तशी एक खोली दिसू लागली. सगळं उंच. टेबल छातीला लागेल असं, खिडकी आभाळात असावी तशी वर. फक्त दाराची कडी तेवढी खाली, कमरेच्या उंचीवर. इतक्या खाली कडी कोण बसवतं, असं मास्तरांच्या मनात येतंय तोच बाहेर, लांब कुठेतरी, आवाज झाला.

खट खट. मग काहीच नाही. मग पुन्हा एक, खट.

कुणीतरी दार हलवून बघत होतं. त्यानंतर पावलं. एक पाऊल सपाट पडत होतं आणि दुसरं मागून फरपटत येत होतं. फट, सर्र. फट, सर्र. दुसऱ्या दारापाशी थांबलं. खट खट. खट. मग घसा खाकरल्याचा बारीक आवाज, जसा एखाद्याने स्वतःशीच काही कबूल करावं तसा.

मास्तरांच्या बनियनला पाठीत ओल आली. पावलं जवळ येत होती आणि दाराखालच्या फटीत जो उजेड होता त्यात एक सावली येऊन उभी राहिली. कडी त्यांच्या डोळ्यांदेखत हलली. खट खट. मास्तरांचा हात झापडाकडे गेला. त्यांना खात्रीने सांगता आलं असतं की मध्यंतर झालेलं आहे.

तेवढ्यात कानावरच्या कपाच्या पलीकडून, खऱ्या जगातून, एक बारीक कटकट आली. धाकटी बोटं मोडत होती. परीक्षेच्या दिवशी मोडायची, तशी, एकेक करून. हात झापडाच्या पट्ट्यापर्यंत पोचला होता, तो मास्तरांनी खाली आणला आणि मांडीखाली दाबून ठेवला. बसून भ्यायला लागले.

सावली गेली. पावलं घरभर फिरून पुन्हा येऊ लागली. आता मास्तर ऐकू लागले, कारण दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फट, सर्र. हा पाय का फरपटतोय? उजवा असणार. गुडघा आखडलाय. मशीनचं पायडल मारून मारून आखडतो तसा.

आणि मास्तरांच्या अंगावर असा काटा आला की आधीचे सगळे काटे कापूस वाटावेत.

ती खालची कडी त्यांनीच बसवली होती, स्वतःच्या हाताने, स्क्रू पिळून. धाकटी सात वर्षांची, थोरला शिकायला बाहेर, बायको इस्पितळात रात्रपाळीला. घरात मोठं माणूस म्हणून एकटे मास्तर, म्हणजे कुणीच नाही म्हणा. पोरीला ते आतून कडी लावायला लावत आणि मग घरभर फिरत. पुढचं दार, मागचं दार, स्वयंपाकघर, शेवटी पोरीची खोली. दोनदा हलवायचं. कडी लागलेली असायची. दोन पावलं गेलं की वाटायचं, खरंच लागली होती ना? मग आणखी एकदा. अशी फेरी संपली की पहिल्यापासून. त्यांना वाटायचं, आपल्या पहाऱ्यावर पोर निवांत झोपते.

आणि ती आत पांघरुणाखाली हे ऐकत पडायची.

आता त्यांना बाहेरच्याची भीती वाटेना. त्याचं तोंड दिसेल याची वाटू लागली. पोरीने त्याला कसलं तोंड दिलं असेल? दात? डोळ्यांच्या जागी भोकं? खेळ पुरा करायला दार उघडणं भाग होतं, नाहीतर त्या अंधारात बसून राहायचं. मास्तरांनी मांडीखालून हात काढला, बटण दाबलं. सात वर्षांचा एक लहानसा हात पुढे झाला आणि कडी सरकली.

बाहेर मोकळी वाट. वळणावर, दिसता दिसता राहून गेलेलं काहीतरी, आणि लांब जाणारा आवाज. फट, सर्र. मग काळोख, आणि त्यात खेळाचं नाव.

धाकटीने झापड काढलं. "बाबा! पुरा केलात!" मास्तरांच्या तोंडाचा रंग बघून तिने पाणी पुढे केलं. तिच्या डोळ्यांत आनंद मावत नव्हता.

बाई म्हणाल्या, "तोंड चांगलं झालं. असं तोंड मी फार दिवसांनी पाहिलं. आता मला एक सांग. त्याला हवंय काय?"

"कुणाला?"

"बाहेर जे आहे त्याला. ते आत येत नाही, काही करत नाही, नुसतं दारं हलवतं. का?"

धाकटी म्हणाली, "मला नाही माहीत. लहानपणी कधीतरी ऐकलेला आवाज आहे. स्वप्न असेल. मला फक्त आवाज येतो."

"म्हणजे या दारापुढचा खेळ तुझ्याकडे नाही." बाईंनी पिशवी खांद्याला लावली. "ज्या भुताला काय हवंय ते करणारीलाच ठाऊक नाही, ते मी विकायचं कसं? पुढच्या वर्षी बघू."

पोरीचा चेहरा मास्तरांनी पाहिला. सरकता जिना, माशाचा डोळा, ती मेंढी, सगळं एका बाजूला आणि हे एका बाजूला. बोलावं तर ते कोण होतं हे तिला कळणार. जन्मभर कळणार. न बोलावं तर तीन वर्षं त्या पिशवीबरोबर पडद्याबाहेर चालली होती. बाई पडद्यापाशी पोचल्यासुद्धा.

मास्तर उठले. इतका वेळ बसून गुडघा धरला होता. तसेच बाईंच्या मागे निघाले, खोपटीतल्या लाकडी फळ्यांवरून. फट, सर्र. फट, सर्र. दिवसा माणूस डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची पावलं कुणी ऐकत नाही. पण धाकटी आत्ता तोंड फिरवून डोळे पुसत होती. तिला दिसलं काहीच नाही, नुसतं ऐकू आलं. ती सावकाश वळली आणि वडिलांच्या पायांकडे बघत राहिली.

बाई थांबल्या. "काय काका?"

मास्तरांनी घसा खाकरला. पुढे काय झालं ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुमचे कान निकालाकडे लागतील. बाईंनी पिशवी खाली ठेवली, स्टूल पुन्हा ओढलं आणि खेळ घेतला. पण तो ज्या उत्तरावर घेतला ते शब्दशः असं होतं. मास्तर बोलत होते बाईंशी, बघत मात्र होते दुसरीकडे:

"बाई, त्याला आत यायचंच नाहीये. दार चुकून उघडलं असतं तर पहिल्यांदा तेच ओरडलं असतं. आत एक पोर झोपलीय, घरात दुसरं मोठं माणूस नाही, आणि ते स्वतः इतकं भित्रं आहे की कडी लागलीय हे त्याच्या हातालाच पटत नाही, म्हणून फिरतंय. त्याला एवढंच हवंय, की कुणीतरी आतून म्हणावं, 'लागलीय हो कडी, बाबा, झोपा आता.'"