माझी फ्रेंच मालकीणबाई

आखातात, मनामा शहरातल्या हॉटेलात वाइन वाढणारा मी वसईचा माणूस. फ्रान्स पाहिला तो बाटलीच्या लेबलावर. पण आमच्या मेनूवर दक्षिण फ्रान्समधली एक वाइन आहे, तिच्या वाइनरीची गोष्ट मी अशी सांगायचो की गिऱ्हाइकाला घोटाआधीच चढावी. तिथली द्राक्षं इतकी गोड की मधमाश्यांना डायबिटीस होतो. तळघर इतकं लांब, की मालक सकाळी दाढी करून आत शिरतो आणि पलीकडून साधू होऊन निघतो. आणि मालकीणबाई? वाइन मुरत असली की घरात कुणाला आवाज चढवू देत नाही. भांडण ऐकलं की वाइन नासते म्हणे.

गिऱ्हाईक हसायचं, मी सुटायचो. दिवसभराचं बोलणं तिथेच उरकून घ्यावं लागे. शहराबाहेर जिदहफ्सला भाड्याची खोली, तिथे मी आणि फ्रिज. त्यात फ्रिज जास्त बोलका. मुलगी वसईहून व्हिडिओ कॉलवर “फाइन, डॅडा” म्हणते, की खलास.

एका दुपारी एक म्हातारा फ्रेंच माणूस एकटाच जेवायला आला. त्यानं नेमकी तीच बाटली मागितली. मी सवयीनं मधमाश्यांपासून मालकीणबाईपर्यंत सगळं ऐकवलं. तो हसेना. मग शांतपणे म्हणाला, ती वाइनरी त्याचीच होती. बायको गेल्यावर विकली. आता इथे मुलाकडे राहतो.

मॅनेजर, कॅन्सल झालेला व्हिसा, विमानतळ, सगळं ओळीनं दिसलं. मी माफी मागितली.

“मधमाश्यांचं जाऊ दे,” तो म्हणाला. “माझी बायको तर घर डोक्यावर घ्यायची. ही सगळ्यांना गप्प करणारी बाई कोण?”

थाप जिभेवर तयार होती. निघालं मात्र खरं.

“माझी आई, सर. नाताळसाठी बरणीत वाइन घालायची. बरणीजवळ आम्ही भांडलो की लाटणं घेऊन धावायची.”

“आहे?”

“नाही. मला लीव्ह मिळेपर्यंत तिला माती देऊन झाली होती.”

त्यानं पायानं समोरची खुर्ची सरकवली. “बस. बरणीत काय घालायची, नीट सांग.”

ड्यूटीवर गिऱ्हाइकासमोर बसायला सक्त मनाई. मी बसलो. द्राक्षं, साखर, थोडं यीस्ट, गहू, वर फडकं. गहू किती, त्यानं विचारलं. मला आठवेना. विचारायला आई नव्हती, आणि तिच्या बरणीत मनाचा आकडा टाकायला माझा हात होईना.