मामाची रुंद लेन्स

माझा मामा पाळीव प्राण्यांचे फोटो काढतो आणि त्यापायी दिवसभर पोटावर सरपटतो. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पण ऐकेल तर शपथ. त्याच्याकडे लेन्स एकच, भयंकर रुंद आणि झूम नसलेली. तिच्यात कुत्रा मोठा दिसायला हवा असेल, तर कॅमेरा पार त्याच्या नाकाशी न्यावा लागतो. मग नाक बटाट्याएवढं येतं आणि मागे अख्खी खोली मावते. मालक बाजूला चुटक्या वाजवत उभा असतो, त्याला वाटतं आपण फोटोत नाही. असतो की! मामी म्हणते, ह्यांचे सगळे शर्ट पोटावरच विरतात.

परवा मामा एका बँकवाल्याकडे गेला होता. कुत्रा म्हातारा, बँकवाल्याच्या आईचा लाडका. आई आता भावाकडे राहायला गेली, कुत्र्याचं करायला कोणी नाही, तेव्हा चांगला फोटो दाखवून कुत्रा कुणाला तरी देऊन टाकायचा, असं त्याने सांगितलं. माणूस गोडबोल्या, मामाला दोनदा चहा पाजला. कुत्रा मात्र आतल्या एका बंद दाराला पाठ लावून बसला, तो काही केल्या हलेना. शेवटी मामा तिथेच आडवा झाला आणि फोटो काढून आला.

ते फोटो घरी कॉम्प्युटरवर मीच मोठे करून पाहिले. दाराला बाहेरून कडी होती. दाराखालच्या फटीतून चार सुरकुतलेली बोटं बाहेर आली होती आणि कुत्र्याच्या शेपटीवर टेकली होती. मामा नाकाकडे बघत होता, एवढ्याशा बोटांकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं.

मी मामाला हाक मारून ती बोटं दाखवली. मी पोलिसांना फोन करून पत्ता दिला, पण ते येईपर्यंत थांबायला मामा तयार होईना. फोटोची प्रत घेऊन आम्ही दोघं तडक निघालो.

बँकवाल्याने फोटो नीट पाहिला. मला वाटलं होतं, चिडेल, हाकलून देईल, निदान चेहरा तरी पडेल.

"छान आलाय," तो म्हणाला. "फक्त मागचं तेवढं कापून द्या."

इतकं थंडपणे कुणी बोलू शकतं, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. मामा सरळ आत गेला आणि कडी काढली.

दारालगत जमिनीवर एक आजी बसल्या होत्या. कुत्रा धावत जाऊन त्यांच्या मांडीत शिरला. त्यांनी मामाकडे पाहिलं, मग त्याच्यामागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं आणि कुत्र्याला घट्ट धरून हळूच म्हणाल्या, "कडी लावून घ्या हो. मी गप्प बसेन आत. ह्याला तेवढं कुणाला देऊ नका."