रान आणि बियाणं

कडा गावात रोहिणीबाईंना ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. त्या शाळेत विज्ञान शिकवत, पण ओळख त्यामुळे नव्हती. आष्टीहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात त्या 'कावून?', म्हणजे 'का बरं?', नावाचं सदर लिहीत. विंचू चावल्यावर दरदरून घाम कावून फुटतो, वीज उंच झाडावरच कावून पडते, असलं काहीबाही. पेपर आला की सलूनात दाढीला बसलेला गडी गालाचा साबण तसाच ठेवून 'कावून?' मोठ्यानं वाचायचा आणि बाकावरचे कान देऊन ऐकायचे. शास्त्र थेट सलूनाच्या खुर्चीपर्यंत नेणं हे येरागबाळ्याचं काम नाही. बाईंना त्याचा थोडा ताठा होता, आणि तो असायलाही हरकत नव्हती.

त्यांच्या भिंतीला भिंत लागून उत्तरेश्वरचं घर. त्याच्या बायकोला, मनकर्णाला, तिसरी मुलगी झाली आणि बाळंतिणीची खाट उचलायच्या आत त्यानं तिला बैलाच्या कासऱ्यानं फोडून काढलं. त्याची आई वत्सलाबाई दारात बसून ज्वारी पाखडत होती. "हिच्या कुशीतच खोट हाय," एवढं मधूनमधून म्हणत होती. रोहिणीबाईंनी पोलीस बोलावले, तर मनकर्णा सुजल्या तोंडानं म्हणाली, पायरीवरून पडले. पोलीस निघून गेले. बाई घरी आल्या आणि त्यांनी लेखणी उचलली.

आधी सगळं रीतसर लिहिलं होतं. गुणसूत्रं, आईचं काय, बापाचं काय, मुलगा की मुलगी हे कशावर ठरतं. पण सलूनात गुणसूत्रं कोण ऐकणार? म्हणून अर्धं पान खोडून त्यांनी लिहिलं: 'बाई म्हणजे रान, पुरुष म्हणजे बियाणं. बाजरी पेरून ज्वारी उगवली नाही म्हणून रानाला कुणी मारतं का? दोष असलाच तर बियाण्याचा!' हे वाचून त्यांच्या त्यांनाच बरं वाटलं.

लेख असा गाजला की विचारू नका. बायांनी तो कापून फडताळात ठेवला. बाईंच्या ध्यानात एकच गोष्ट आली नाही. त्याच साली आष्टी भागात सोयाबीन उगवलं नव्हतं. ज्यानं बियाणं विकलं त्याचं दुकान लोकांनी फोडलं होतं, त्याला गल्ल्यावरून ओढून भर बाजारात तुडवला होता, तोंडाला शेण फासलं होतं. बियाणं बोगस निघाल्यावर काय करायचं हे इथं कुणाला शिकवावं लागत नाही. त्या घोळक्यात पुढं होता हनुमान, मनकर्णाचा थोरला भाऊ.

मनकर्णाला चौथ्या खेपेला सहावा महिना लागला होता, तेव्हा एका दुपारी हनुमान चुलतभावांना घेऊन आला. "दाजी, जरा भायेर या," असं मानानं म्हणाला. उत्तरेश्वर उंबऱ्याबाहेर आला आणि नांगराच्या रुमण्याचा पहिला तडाखा त्याच्या डोक्यावर बसला. मग लाथा, मग चपला. दात पडले, सदरा फाटला. सगळी गल्ली गोळा झाली, मधे कुणी पडलं नाही.

"आमचं रान चांगलं हाय. बियाणं बोगस हाय तुमचं," हनुमान एकेका शब्दाला एकेक लाथ घालत होता.

रोहिणीबाई धावत बाहेर आल्या. "अरे सोडा त्याला. मी असं लिहिलं नव्हतं."

"तुमीच लिवलंय बाई, दोष बियाण्याचा," हनुमान धापा टाकत पण अदबीनं म्हणाला. "आमाला तोंडपाठ हाय."

लिहिलं तर होतंच. दोष कुणाचा हे ठसक्यात सांगताना मुलगी होणं हा दोष आहे हे आपण आधीच कबूल करून बसलो, हे त्यांना तिथं, भर रस्त्यात रक्त बघताना कळलं. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

भाऊ गाड्या काढून निघून गेले. बहिणीला बरोबर न्यायचं काही त्या शहाण्यांना सुचलं नाही. उत्तरेश्वर भिंतीला धरून उठला, गल्लीकडं एकदा बघितलं आणि आत जाऊन कडी लावली. सगळ्यांसमोर मार खाल्लेला पुरुष तो राग कुणावर काढणार हे गल्लीतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. "तुझ्या भावांनी माझ्या बियाण्यात खोट काढली व्हय? आता बघू दे तुझं रान," एवढं बाहेर ऐकू आलं. पुढं नुसते आवाज आले.

रोहिणीबाईंनी दगड उचलून दारावर घातला, पुन्हा घातला, शेवटी दोघे गडी मदतीला आले तेव्हा कडी तुटली. उत्तरेश्वरनं आत येणाऱ्या बाईंच्याही कानशिलात ठेवून दिली. मनकर्णा चुलीपाशी पोट धरून पडली होती. लुगडं रक्तानं भिजलं होतं.

आष्टीच्या दवाखान्यात संध्याकाळपर्यंत मूल मेलेलंच बाहेर आलं. मनकर्णा वाचली. तिनं बाईंचा हात घट्ट धरला.

"सिस्टरनं तुमाला सांगितलं ना, काय व्हतं ते?"

"हो."

"मला सांगू नका. कुणालाच सांगू नका."

बाई व्हरांड्यात आल्या. बाकावर डोकं बांधलेला उत्तरेश्वर, शेजारी हवालदार, खाली फरशीवर वत्सलाबाई. बातमी ऐकून परत आलेला हनुमान खांबाला टेकून उभा होता. मुलगा असेल तर उत्तरेश्वरचं बियाणं निर्दोष सुटणार होतं, मुलगी असेल तर हनुमान खरा ठरणार होता. मनकर्णा कशी आहे हे कुणी विचारलं नाही.

"बाई, पोरगा व्हता का पोरगी?" वत्सलाबाईनं विचारलं.

"लेकरू होतं," रोहिणीबाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी मिळून मारलं. मीही."

हनुमाननं मान खाली घातली. वत्सलाबाईनं पदर डोळ्याला लावला. मग उत्तरेश्वरनं फुटक्या ओठांनी पुन्हा विचारलं, "ते खरंय बाई. पण काय व्हतं?"